वातपान : वारा पिणारी खिडकी

खिडकी म्हटले की आपण पाहणे गृहीत धरतो. घर विकत घेणाराही प्रथम विचारतो, 'खिडकीतून काय दिसते?' परंतु शब्दांचा इतिहास निराळी साक्ष देतो. पाली भाषेत खिडकीला 'वातपान' म्हणतात. वात म्हणजे वारा आणि पान म्हणजे पिणे. संस्कृतातील 'वातायन' म्हणजे वाऱ्याची वाट. इंग्रजीतील 'विंडो' हा शब्दही प्राचीन नॉर्स भाषेतील ज्या शब्दापासून आला, त्याचा अर्थ 'वाऱ्याचा डोळा' असा आहे. त्वचा, कान आणि नाक यांच्याशी खिडकीचे नाते किती जुने आहे, हे या शब्दांनीच जपून ठेवले आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात निवासस्थानांविषयीचे एक प्रकरण आहे. त्यात खिडकीचा जन्मच एका तक्रारीतून झालेला दिसतो. विहारांना खिडक्या नव्हत्या. त्यामुळे ते डोळ्यांना अपायकारक होते आणि त्यांत दुर्गंधी कोंडत असे. दृष्टी आणि घ्राण या दोन्हींची गाऱ्हाणी तेथे शेजारीशेजारी नोंदवलेली आहेत. तथागतांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली : कठड्याच्या नमुन्याची, जाळीची आणि सळ्यांची. मग त्या फटींतून खारी व वटवाघळे आत शिरू लागली, म्हणून पडद्याची अनुमती आली. तेवढ्याने भागेना, म्हणून झडपांची. तक्रार, उपाय, त्या उपायातून उपजलेली नवी तक्रार आणि पुन्हा उपाय, हा क्रम वाचताना इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला नेहमी अप्रूप वाटते. आमच्या इमारत समितीच्या सभांचे इतिवृत्त याहून फारसे वेगळे नसते!

त्याच ग्रंथात भिक्खूंच्या दैनंदिन कर्तव्यांत खिडकी वापरण्याची रीतही सांगितली आहे. हिवाळ्यात दिवसा खिडक्या उघडाव्यात व रात्री लावाव्यात. उन्हाळ्यात दिवसा लावाव्यात व रात्री उघडाव्यात. पूर्वेकडून धुळीचा वारा सुटला, तर पूर्वेच्या खिडक्या बंद कराव्यात. यामागचे कारण सरळ आहे. उन्हाळ्यात दुपारी बाहेरची हवा भिंतींपेक्षा तापलेली असते. ती आत घेतली की भिंतीही तापतात. रात्रीचा गार वारा मात्र भिंतींत साठलेली उष्णता काढून नेतो, आणि त्या गार भिंती दुसऱ्या दिवशी आपल्याला सांभाळतात. म्हणजे खिडकी केवळ बांधून भागत नाही, तिला चालवावे लागते. आणि ती केव्हा उघडायची हे अंगाला लागणारी झुळूकच सांगते.

कार्ल्याच्या चैत्यगृहात सहल नेतो, तेव्हा दर्शनी भिंतीवरील पिंपळपानाच्या आकाराच्या भव्य गवाक्षाखाली मी मुलांना डोळे मिटून उभे करतो. त्या गवाक्षातील मूळ लाकूडकामाचा काही भाग सुमारे दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहे. प्रकाश स्तूपापर्यंत कसा पोहोचतो, हे मार्गदर्शक सांगतातच. डोळे मिटल्यावर मात्र बाहेरच्या तापल्या कातळावरून आलेल्या पायांना आतला गारवा कळतो, दरीतला आवाज मंद होऊन ऐकू येतो, आणि एखाद्याने 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हटले की तो स्वर दगडी कमानीखाली बराच वेळ घुमत राहतो.

माझे स्वतःचे बालपण खिडकी नसलेल्या घरात गेले. चुलीच्या वर भिंतीत वीतभर झरोका होता. आईचे डोळे धुराने सदैव लाल असत. त्यामुळे या वसतिगृहात शिक्षक म्हणून आलो, तेव्हा जुन्या कौलारू इमारतीच्या सागवानी खिडक्या मला ऐश्वर्यच वाटल्या. परंतु त्यांचा खरा उपयोग मला एका विद्यार्थ्याने शिकवला. त्याला जन्मापासून दिसत नव्हते. त्याची खाट पश्चिमेच्या खिडकीखाली होती. घंटा होण्याआधीच तो उठून बसे, कारण स्वयंपाकघरातून भाकऱ्या थापल्याचा आवाज येई. एका ज्येष्ठात आभाळ निरभ्र असताना तो ओरडला, "सर, दोरीवरचे कपडे काढायला सांगा!" आम्ही हसलो. थोड्याच वेळात पाऊस आला. दूरवर आधी पडलेल्या सरींनी भिजलेल्या मातीचा गंध वाऱ्याने त्याच्या खिडकीपर्यंत आणला होता. आम्ही सारे डोळस व्हरांड्यात उभे राहून आभाळ पाहत होतो.

आता नवे वसतिगृह बांधायचे आहे. आलेल्या नकाशात मोठ्या काचांच्या सरकत्या खिडक्या आहेत. देखण्या आहेत, हे खरे. परंतु दोन सरकत्या काचांपैकी एक नेहमी दुसरीच्या मागे राहते, म्हणून अशी खिडकी अर्धीच उघडते. बिजागरीची झडप पूर्ण उघडते. शिवाय एकाच भिंतीला कितीही मोठी खिडकी ठेवली, तरी समोरच्या भिंतीत वाट नसेल तर वारा आत येऊन करणार काय? वारा येण्याची खिडकी बुटकी असावी, म्हणजे झुळूक निजलेल्या मुलाच्या अंगावरून जाते; समोरची उंच असावी, म्हणजे छताखाली साठलेली गरम हवा बाहेर पडते. छज्जा पुरेसा खोल असला, तर पावसातही खिडकी उघडी ठेवता येते आणि सरींचा आवाज व मातीचा वास मुलांना पारखा होत नाही. डासांच्या जाळीने वारा कमी होतो, परंतु ती टाळता येणार नाही. म्हणून खिडकीच थोडी मोठी धरावी. शौचालये पावसाळी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे नैर्ऋत्येला, मुळीच नकोत. तेथे कडुनिंब लावावा. चैत्रात त्याच्या मोहोराचा वास आत येईल.

उंबरठ्याला आपण पाय लावतो तसा खिडकीच्या कट्ट्याला हात लावतो, याचाही विचार नकाशात हवा. लोखंडी पट्टी उन्हात चटका देते. घासलेला कडाप्पा सावलीत गार राहतो. कडीही अंधारात बोटांना ओळखता यावी अशी असावी.

खर्चाचा आक्षेप सभेत निघाला. तो योग्यच आहे, कारण संस्थेचा पैसा लोकवर्गणीचा आहे. परंतु वरीलपैकी बहुतेक गोष्टी खिडकी कोठे आणि किती उंचीवर ठेवायची एवढ्याच प्रश्नाच्या आहेत, आणि कागदावरची रेघ खोडायला पैसे लागत नाहीत.

तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. मागच्या दिवाळीच्या सुटीत तो आला होता. पाडायला काढलेल्या इमारतीत जाऊन त्याने आपल्या खिडकीची चौकट चाचपली, कडी दोनदा सरकवून पाहिली आणि ही चौकट नव्या इमारतीत पश्चिमेलाच बसवता येईल का, असे विचारले. मिस्त्रींनी लाकूड ठोकून पाहिले. सागवान शाबूत आहे. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावला आहे आणि त्यात पश्चिमेची ती जागा पेन्सिलीने आखून ठेवली आहे.