उत्तर किती द्यावें?

विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें. उत्तर कोठें थांबवावें हें ठरविणें अवघड. संगणकांच्या व्यवहारांत हा पेंच रोज उभा राहतो. एका संगणकानें दुसऱ्याजवळ माहिती मागावी व त्यानें ती ठराविक सांच्यांत द्यावी, या रीतीस एपीआय असें नांव आहे. मागितलेल्या वस्तूशीं संलग्न अशी दुसरी माहिती असतेच. तिच्यापैकीं किती सोबत पाठवावी?

श्रोत्यांनीं आपल्या घरचाच एक कागद डोळ्यांपुढें आणावा. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजांत घर आणि पैठण तालुक्यांत शेत असलेलें एखादें कुटुंब घ्या. घराची मिळकत पत्रिका नगर भूमापनाची. शेताचा सातबारा गांवच्या महसुली दप्तरांतला. सातबारा म्हणजे वस्तुतः दोन निराळे नमुने. गांव नमुना सात जमीन कोणाची तें सांगतो. नमुना बारा तींत पीक कोणतें तें. हे दोन प्रश्न बहुधा एकत्रच निघतात, आणि दोन्ही नमुने एकाच कागदावर मिळतात. मालकी कशी पालटली याची हकीकत मात्र नमुना सहामध्यें, म्हणजे फेरफार नोंदवहींत असते. सातबाऱ्यावर तिचा केवळ क्रमांक येतो. ज्याला गरज असेल त्यानें तो धरून पुढें जावें.

समजा, क्रमांकाऐवजीं प्रत्येक फेरफार संपूर्ण जोडला; त्यांतील प्रत्येक खातेदाराचा आठ-अ जोडला; आणि त्या आठ-अ मधील प्रत्येक गटाचा सातबारा! एका एकराच्या चौकशीस सारें गांव हातीं येईल, आणि फिरून आपलाच सातबाराही.

उलट टोंकही तितकेंच वाईट. पन्नास गटांची यादी मागितली आणि नुसते क्रमांक आले, तर तपशिलासाठीं आणखी पन्नास खेपा, एकूण ५१. मंद मोबाइल जाळ्यावर वेळ जातो तो बहुधा या खेपांतच.

फेसबुक कंपनीनें २०१२ मध्यें रचलेल्या व २०१५ मध्यें सर्वांस खुल्या केलेल्या ग्राफक्यूएल या भाषेंत, हवे ते रकाने विचारणाऱ्यानेंच नांवानिशीं सांगावयाचे असतात. सोय मोठी, परंतु प्रश्न किती खोल जावा यास मर्यादा घालावी लागते. नाहींतर वरील गांवभर फेरी एकाच प्रश्नांत करतां येते, आणि भार उत्तर देणाऱ्यावर पडतो.

मग कसोटी कोणती? जें वगळल्यास उत्तर फसवें होतें, तें दिलेंच पाहिजे. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यांत कर्जाचा बोजा नोंदलेला असतो; तो गाळून केवळ मालकाचें नांव दिलें, तर विकत घेणारा बुडेल. जें वर्षानुवर्षें वाढत जातें, तें क्रमांकानें निर्देशावें व मागितल्यास पानापानानें द्यावें. जें पाहण्याचा विचारणाऱ्यास अधिकार नाहीं, तें सोयीच्या नांवाखालीं सोबत जाऊं नये.

एकदां देऊं केलेला रकाना मागें घेणें कठीण. त्यावर विसंबून दुसऱ्यांचीं कामें उभीं राहिलेलीं असतात. म्हणून आरंभीं थोडें द्यावें. पण जें द्यावें, तें निर्णयास पुरेसें असावें.