रेंज कुठे जाते?

हसनाबाद हे जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातले गाव. अशा गावांत आता घरोघर मोबाईल आला. तरी "हॅलो, आवाज येत नाही" म्हणत माणसे अंगणात नाहीतर माळवदावर धावतात. रेंज गेली, असे आपण म्हणतो. ही रेंज म्हणजे काय, ते आम्ही सांगतो.

मोबाईल हे लहानसे बिनतारी यंत्र आहे. आपण बोललो की त्यातून लहरी निघतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. त्या जवळच्या टॉवरकडे जातात, आणि टॉवर आपले बोलणे पुढे धाडतो. कंदिलाचा उजेड जवळ लख्ख, दूर अंधुक; टॉवरचेही तसेच. मध्ये टेकडी आली की पलीकडे सावली पडते. पत्र्याच्या घरात लहरी फार कमी शिरतात. म्हणून घरात मुका झालेला फोन ओट्यावर येताच बोलू लागतो.

कधी काड्या भरपूर दिसतात, पण इंटरनेट हलत नाही. असे का? पाटाला पाणी एकच. सगळ्यांनी एकाच वेळी दारे धरली, तर कुणाचेच शेत नीट भिजत नाही. रात्री जेवणे झाली की सारे गाव फोन काढून बसते, तेव्हा टॉवरचे असेच होते.

दुसरा रस्ता तारेचा. ही तार काचेची, केसाएवढी बारीक. तिच्यातून उजेड धावतो आणि निरोप नेतो. ती ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 साली मंजूर केली. तिला आता भारतनेट म्हणतात. रस्ता खणताना ही तार तुटली की पंचायतीचा संगणक बसला! खणण्याआधी कुणी विचारील तर बरे.

आता पोटापाण्याची कामे यावर अडतात. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाईलने पिकाचा फोटो काढायचा. आपण कुठे उभे आहोत, हे फोनला आकाशातल्या उपग्रहांवरून कळते. पण माहिती सरकारकडे पोचायला नेटवर्क लागतेच. ती पोचली नाही, तर सातबाऱ्यावर पीक चढत नाही. मग नुकसानभरपाईसाठी हेलपाटे. म्हणून मुदतीच्या शेवटच्या दिवसावर राहू नये.

शेतात रेंज नसली, तर लगेच नवा फोन घेऊ नका. आधी शेजाऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा फोन तिथे लावून पाहा. एका कंपनीचा टॉवर लांब, दुसरीचा जवळ असू शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमाप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपल्या रेंजचा नकाशा इंटरनेटवर द्यायचा आहे. शाळेतल्या पोराला तो काढून दाखवायला सांगा. मात्र तुमच्या घरावरचे पत्रे नकाशाला दिसत नाहीत, बरे का!

कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. जुन्या कंपनीत 90 दिवस झालेले असावेत. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि तो निरोप 1900 वर पाठवावा. उलट एक कोड येतो. तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यावा. फोनवरून कुणी मागितला, तर देऊ नये.

आणि रात्री-अपरात्री संकट आले, आपल्या कंपनीची रेंज नसली, तरी 112 लावून पाहावा. दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.