टायर बदलताय? आधी माल आणि रस्ता बघा, मग भाव विचारा!

धंद्यासाठी पहिली पिकअप घेतली की आपण इंजिन बघतो, इन्शुरन्स बघतो, मागे झोकात दुकानाचं नाव रंगवून घेतो. आणि टायर? "चालतायत तोवर चालू दे की!"

माझ्या एका विद्यार्थ्याने हेच केलं. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो भरून वाशी मार्केटला निघाला. मागचे दोन टायर सेकंडहँड घेतलेले, नक्षी एकदम छान. कसारा घाटात त्यातला एक फुटला. स्टेपनीही गुळगुळीत. वाशीला पोचेपर्यंत सकाळचा बाजार होऊन गेला होता. टायरमध्ये वाचवलेले पैसे एका फेरीत गेले, आणि ज्यांचा माल होता ते शेतकरी पुढच्या वेळी दुसऱ्या गाडीवाल्याकडे गेले. खरं नुकसान हे!

म्हणून टायर घेताना हा क्रम लक्षात ठेवा.

१) टायरवरचे आकडे वाचा

छोटा हत्तीच्या टायरवर "१४५ आर १२ एलटी ८ पीआर" असं काहीसं दिसेल. १४५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, आर म्हणजे रेडियल, १२ म्हणजे रिमचा इंचातला व्यास, एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. पीआर म्हणजे प्लाय रेटिंग, म्हणजे टायरची ताकद. साइज तीच असली तरी कारचा टायर मालाच्या गाडीला लावू नका. कंपनीने सांगितलेली साइज गाडीच्या पुस्तकात असते, तीच घ्या.

२) वजनाचा हिशोब करा

टायरवर लोड इंडेक्स असतो. ८० म्हणजे एका टायरला ४५० किलो, ८६ म्हणजे ५३० किलो. समजा भरलेल्या गाडीच्या मागच्या अॅक्सलवर १००० किलो येतात. दोन टायर, म्हणजे प्रत्येकी ५०० किलो. इथे ८६ चालेल, ८० नाही चालणार. काटा करून बघा, अंदाजावर जाऊ नका. आणि टायर चांगला आहे म्हणून ओव्हरलोड करायचा, हेही नको. ब्रेक आणि पाटे तेच राहतात ना!

३) तुमचा रस्ता कुठला?

रोज हायवे आणि शहर असेल, तर उभ्या सरळ रेघांचा रिब टायर घ्या. स्टिअरिंग हलकं राहतं, डिझेल कमी लागतं. उसाचं शिवार, वीटभट्टी, मुरूम-खडीचा रस्ता असेल, तर मागे जाड ठोकळ्यांचा लग टायर चिखलात पकड देतो. पण तोच डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो. निम्मा-निम्मा रस्ता असेल तर सेमी-लग बघा. घाटात किंवा कोकणच्या पावसात जाणार असाल, तर पाणी बाहेर फेकायला खोल चर हवेतच. चरांच्या मधला उंचवटा १.६ मिलिमीटरची खूण असतो. रबर तिथपर्यंत झिजलं, की टायर संपला!

४) जन्मतारीख बघा

"डॉट" अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. त्या विद्यार्थ्याचा फुटलेला टायर पुसून बघितला, तर तो सात वर्षांचा निघाला. नक्षी शाबूत होती, रबर म्हातारं झालं होतं.

५) भाव नाही, किलोमीटरचा खर्च काढा

उदाहरण घ्या. एक टायर ४,००० रुपयांना, चालतो २५,००० किलोमीटर. खर्च १६ पैसे. दुसरा ५,२०० रुपयांना, चालतो ४०,००० किलोमीटर. खर्च १३ पैसे. महिन्याला ३,००० किलोमीटर गाडी फिरली, तर चार टायरचे महिन्याला ३६० रुपये वाचतात. मग महाग कुठला?

६) बसवताना

एका अॅक्सलचे दोन्ही टायर एकदम आणि एकसारखे बदला. रेडियल आणि नायलॉन एकत्र लावू नका. रिमोल्ड टायर पुढे तर कधीच नको. अलाइनमेंट करून घ्या. हवा टायर थंड असताना, पुस्तकात दिलेल्या पीएसआयप्रमाणे भरा. हवा कमी असेल तर टायर गरम होऊन फुटतो. पक्कं जीएसटी बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल, तर मालवाहू गाडीच्या टायरवरचं इनपुट क्रेडिटही मिळतं.

आजचं काम: गाडीपाशी जा, पाचही टायरचे आकडे आणि तारीख वहीत लिहा. हो, पाच! स्टेपनी विसरू नका. आणि उद्यापासून प्रत्येक फेरीतले थोडे पैसे टायरसाठी बाजूला टाका. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा उधारी करावी लागणार नाही.