तीव्र अ‍ॅलर्जी : पहिली काही मिनिटे

तीव्र अ‍ॅलर्जीची कारणे वयानुसार बदलतात. बालकांत दूध, अंडी, शेंगदाणे. प्रौढांत प्रतिजैविके, वेदनाशामके व मधमाशी-गांधीलमाशीचा दंश ही प्रमुख होत. वृद्धांत हृदयविकारामुळे धोका वाढतो. अंगावर गांधी उठून श्वास कोंडला वा रक्तदाब घसरला, तर प्रथमोपचार सर्व वयांत एकच : मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रेनॅलिन, वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढांस कमाल ०.५. गुण न आल्यास ५ मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅलर्जीच्या गोळ्या त्यास पर्याय नव्हेत. रुग्णास एकदम उभे करू नये.

लक्षणे काही तासांनी उलटू शकतात. म्हणून बरे वाटताच घरी नेण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये, ही नम्र विनंती. औषधाची कुपी अल्पमोली आहे. ती प्रत्येक कक्षात, अहोरात्र हाताशी ठेवणे आपल्या दानामुळेच आम्हांस शक्य होते.