सहा नाड्यांची मोटार

इंग्लंडात १९६७ साली ट्रायम्फ कंपनीची ‘टीआर ५’ मोटार निघाली. तिला कार्बुरेटर नाही. डिकीतला विजेचा पंप चौरस इंचाला सुमारे १०६ पौंड दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. लुकासचे वाटपयंत्र ते मापून सहा नळ्यांतून सहा सिलिंडरांना देते.

अशी गाडी गचके देऊ लागली, की मालक त्या वाटपयंत्राचेच स्क्रू पिळू लागतो. निदानाआधीच शस्त्रक्रिया! त्यातून पेट्रोलचे माप वाढले, तर ते सिलिंडरातले तेल धुऊन नेते आणि इंजिनच झिजते.

जाणता मेकॅनिक प्रथम प्लग व ठिणगी पाहतो. मग चालू इंजिनाची एकेक नळी वैद्यासारखी चिमटीत धरतो. पेट्रोलचा ठोका बोटांना जाणवला पाहिजे. एकच ठोका मंद लागला, तर इंजिन बंद करून तिथला इंजेक्टर शेजारच्याशी बदलावा. दोष त्याच्याबरोबर सरकला, तर रोगी तोच. साही ठोके मंद असतील, तर पंप तपासावा. टाकीत पेट्रोल थोडे असले, की तेच फिरून फिरून तापते आणि पंप कण्हू लागतो.

वाटपयंत्राला हात लावायचा तो सर्वांत शेवटी. संसारातही, वाचकहो, पहिला संशय बहुधा निरपराध्यावरच येतो!