‘सी’ भाषेतील आवर्तन : नियंत्रणाचा क्रम आणि नवशिक्याचे आकलन

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत विकसित केलेली ‘सी’ ही आजही अनेक विद्यार्थ्यांची पहिली संगणकीय भाषा असते. चल आणि अटी यांपर्यंत सुकर वाटणारा अभ्यास आवर्तनापाशी, म्हणजेच लूपपाशी, अडखळतो. याचे कारण व्याकरणाच्या काठिण्यात नसून वाचनाच्या सवयीत आहे. विद्यार्थी आज्ञा डावीकडून उजवीकडे व वरून खाली वाचतो. ‘फॉर’ आवर्तनात मात्र लेखनाचा क्रम आणि अंमलबजावणीचा क्रम भिन्न असतात.

मीरा-भाईंदरमधील विद्यार्थ्याच्या परिचयाचे उदाहरण घेऊ. पश्चिम रेल्वेवर बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार अशी ८ स्थानके ओळीने येतात. ही नावे ‘अ‍ॅरे’मध्ये साठविल्यास बोरिवलीचा क्रमांक ० व विरारचा ७ होतो. ‘क्र’ हा चल आवर्तनापूर्वी घोषित केलेला आहे. ‘फॉर’च्या कंसात ‘क्र = ०; क्र < ८; क्र++’ असे तीन भाग असून त्याखाली स्थानकाचे नाव छापण्याची आज्ञा आहे.

यांतील पहिला भाग एकदाच अमलात येतो. त्यानंतर अट तपासली जाते. ती सत्य असल्यास नाव छापले जाते. मग तिसऱ्या भागाने ‘क्र’ वाढतो आणि नियंत्रण पुन्हा अटीकडे जाते. विरार छापल्यावर ‘क्र’ ८ होतो आणि नवव्या तपासणीत अट असत्य ठरते. म्हणजे छपाई ८ वेळा, तपासणी ९ वेळा. अटीत ‘<’ ऐवजी ‘<=’ लिहिल्यास अस्तित्वात नसलेले नववे स्थानक वाचण्याचा प्रयत्न होतो. ‘सी’ अ‍ॅरेची मर्यादा स्वतः तपासत नसल्याने त्याचा परिणाम अनिश्चित असतो.

भाईंदर सापडताच, छपाईपूर्वी, ‘ब्रेक’ दिल्यास आवर्तन तेथेच संपते. वाढ होत नाही, म्हणून ‘क्र’ ३ च राहतो. साहजिकच आवर्तनानंतर ‘क्र’ ८ आहे की त्याहून कमी, यावरून शोध सफल झाला की नाही हे कळते. ‘कंटिन्यू’ केवळ ती फेरी अर्धवट सोडते. मीरा रोडपाशी ते दिल्यास ‘फॉर’मध्ये ‘क्र’ वाढून पुढचे स्थानक येते. ‘व्हाइल’मध्ये मात्र नियंत्रण थेट अटीकडे जाते. वाढीची आज्ञा ‘कंटिन्यू’च्या खाली असल्यास ‘क्र’ २ वरच अडकतो आणि आवर्तन अखंड चालू राहते.

म्हणून नवशिक्याने आवर्तनाची आज्ञा पाठ करण्यापेक्षा कागदावर तीन स्तंभ आखावेत : ‘क्र’ची किंमत, अटीचा निकाल आणि छापलेले नाव. प्रत्येक तपासणीला एक ओळ द्यावी. अट असत्य ठरणारी अखेरची ओळही गाळू नये. बहुतेक चुका पहिल्या किंवा याच अखेरच्या ओळीत सापडतात. आज्ञावली यंत्राच्या क्रमाने वाचण्याची सवय या सारणीतूनच जडते.