अंगावर राहील असा कोट

पांढरकवड्यात सगळा बाजार कापसाचा. जिनिंग, सरकी, गाठी, हैदराबाद रोडला लागलेले ट्रक. त्याच गावातल्या एका टेलरच्या दुकानात मात्र सुताचा धागाही नसलेलं कापड किलोवर तोलून ठेवलेलं असतं. तंबूचं, रेनकोटचं, छत्रीचं, बॅगेच्या अस्तराचं नायलॉन, नागपूरच्या इतवारीतून आणलेले कटपीस. कुठे रंगाचा डाग, कुठे कोटिंग कमी-जास्त, कुठे थानाचे उरलेले दोन मीटर. दुकानात या सगळ्याला सरसकट ‘पॅराशूट’ म्हणतात. अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्सने 1935 साली नायलॉन तयार केलं आणि महायुद्धात जपानचं रेशीम बंद झाल्यावर खरोखरच्या पॅराशूटला तेच कामी आलं. आता ते कापड कपाशीत फवारणीला जातं.

इथं फवारणीच्या कोटाची गोष्ट निघाली की 2017 चा हंगाम निघतोच. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना भरती करावं लागलं. कपाशी पुरुषभर वाढली होती, फवारा वर मारावा लागे आणि तोच तोंडावर, छातीवर परत येई. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा, कोट असं किट बऱ्याच घरांत आलं. बऱ्याच घरांत ते खुंटीवरच राहिलं. याला लोकांचा आळस म्हणणाऱ्याने भादव्याच्या उन्हात, पाठीवर भरलेला पंप घेऊन, प्लास्टिकचा कोट घालून एक तास चालून पाहावं. टेलरभाऊ एवढंच म्हणाले, “हवा नाही गेली तं मानूस आतमधी शिजते. मंग तो कोट काढूनच ठेवते ना.”

म्हणून त्यांचं काम कापड निवडण्यापासूनच सुरू होतं. कटपीसवर लेबल नसतं. ते आधी कोपऱ्यातला एक धागा ओढून काडी लावतात. सूत असेल तर जळून राख होते, नायलॉन आक्रसून वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतं. मग कापड तोंडाला लावून फुंकर. फुंकर आरपार गेली तर कोटिंग नाही. ते वाऱ्यापुरतं, जाकिटाला चालेल. नाही गेली तर चमकणारी बाजू नखाने खरवडून बघायची. जुनं पॉलियुरेथेन कोटिंग ओल धरून चिकट होतं, त्याचे पापुद्रे निघतात. असा तुकडा कितीही स्वस्त असो, बाजूला. शेवटी चिकटपट्टी लावतात. ती धरलीच नाही तर कोटिंग सिलिकॉनचं, आणि त्यावर शिवण बंद करायला सिलिकॉनच लागतं, दुसरं काही धरत नाही. काही तुकड्यांत बारीक चौकटी दिसतात. ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे काट्यात अडकून फाटलं तरी चीर त्या चौकटीपाशी अडते. बोराट्या-बाभळीच्या धुऱ्यावर याचं मोल कळतं.

शिवताना बघावं तर हात जपून चालतात. टाचण्या नाहीत, कारण नायलॉनला पडलेलं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावतात. मशीनची रोजची सोळा नंबरची सुई काढून अकराची घातली जाते. टाका लांब, कारण टाके जितके जवळ तितकी भोकं जास्त आणि पाणी आत यायला वाटा जास्त. वरचा थर निसटतो म्हणून खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारतात आणि नंतर कागद फाडून काढतात. कडेचे धागे निघू नयेत म्हणून अगरबत्तीचं पेटलेलं टोक कापडाला न टेकवता कडेवरून फिरवतात. धूर आला की हात लांब.

शिवण दुहेरी. पहिली टीप मारली की एक कड कापून आखूड करायची, दुसरी तिच्यावर दुमडून पुन्हा टीप. दुमड नेहमी खाली तोंड करून, कौलं एकमेकांवर चढवतात तशी, म्हणजे ओघळ शिवणीत न शिरता पुढे जातो.

पण खरी अक्कल शिवणी टाळण्यात आहे. पंप पाठीवर गळतो, म्हणून पाठीला मधोमध जोड नाही, अख्खा तुकडा. पट्टा खांद्यावर घासतो, म्हणून खांद्याची शिवण चार बोटं पुढे, छातीच्या बाजूला ओढलेली. हवेसाठी बगलेत जाळी, तीही हात खाली असताना झाकली जाईल अशी. जाळीतून फवारा शिरू शकतो हे भाऊंना माहीत आहे. पूर्ण बंद कोट कुणी घालत नाही, हेही माहीत आहे. त्या दोघांमध्ये त्यांनी बगल निवडली. मला हा निर्णय अजूनही शंभर टक्के पटलेला नाही, पण शेतात न उतरणाऱ्या माझ्या मताला किती वजन द्यायचं तेवढंच द्यावं.

बाहीच्या टोकाला इलॅस्टिक. पीक कमरेखाली असेल तर बाही हातमोज्यावरून. कपाशी डोक्यावर गेली आणि नळी वर धरायची असेल तर बाही मोज्याच्या आत, नाहीतर ओघळ सरळ कोपरापर्यंत जातो. पॅन्टचा पाय मात्र कायम गमबुटाच्या बाहेर. हे गिऱ्हाइकाला ते तोंडी सांगतात. हा कोट घातला म्हणून मास्क सुटत नाही आणि घरच्या कपड्यांत तो धुवायचा नाही, हेही.

उरलेल्या कोटिंगविना तुकड्यांची जाकिटं होतात. टिपेश्वरला थंडीत पहाटेच्या सफारीला ती बरी पडतात; फक्त नायलॉन सळसळतं, आणि जंगलात जाणारं गिऱ्हाईक आधी कापड कानाशी चोळून बघतं.

डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ‘किसान कवच’ नावाचा पोशाख पुढे आणला, बंगळूरूच्या इनस्टेम संस्थेतल्या संशोधनातून तयार झालेला. त्यात कापड नुसतं आडवं येत नाही. अंगावर पडलेल्या कीटकनाशकाचं रासायनिक विघटन करतं. धुऊन पुन्हा वापरता येतो, किंमत जाहीर झाली 4000 रुपये. संशोधकांनी ते रसायन बसवलं सुती कापडावर. कापूस पिकवणाऱ्याला हे सांगितलं की तो आधी हसतो, मग किंमत पुन्हा विचारतो. टेलरभाऊंनी विचारलं ते वेगळंच: “शिवन कशी हाय त्याची?”

मी होतो तेव्हा एक तरुण मापाचा कोट घ्यायला आला. हात वर करून, वाकून, पंप उचलल्यासारखं करून पाहिलं. सगळं बरोबर होतं, तरी तो अडून बसला. खिसा कुठे?

“खिसा नाही भेटत.”

“काऊन? मोबाइल कुठं ठिवू?”

“मोबाइल नाही, खर्रा ठेवतं तू. त्याच हातानं घोटतं अन् त्याच हातानं तोंडात टाकतं.”

पोरगा पैसे कमी करायला लागला. भाऊंनी पन्नास रुपये सोडले, खिसा दिला नाही.